सामनेवाली गंगाक्का

चाकूर, २० जून २०२३

गंगाक्का,

शरणु. फोन उचलत नाहीस म्हणून लिहिते. अमरनाथनं तुझ्या मोबाइलमध्ये माझा नंबर बंद केला असेल, तर आता टपालवाल्यालाही बंद करून दाखव म्हणावं.

माफी मागायला लिहीत नाही, हे पहिल्यांदाच सांगते. तेवढ्यासाठी चष्मा शोधत बसली असशील तर राहू दे.

परवाच्या बैठकीत काय झालं ते तू तुझ्या लेकाच्या तोंडून ऐकलं असशील. आता माझ्या तोंडून ऐक. माझ्या घरात सगळे जमले होते. नव्या वस्तीसाठी, कायकवाडीसाठी, सतरा घरांची नावं आली होती, त्यातली अकरा आपल्याच भाऊबंदांची. मंजुश्रीनं कायकवाडीचा नकाशा खाली सतरंजीवर पसरला. तुझी लेक म्हणून नाही सांगत, पण असा नकाशा मी पाहिला नव्हता. मधे अप्पांची जमीन, माझ्या वाट्याची, सगळ्यांनी मिळून कसायची. तिच्या कडेनं घरं, सगळी सारख्या मापाची, दारं पिकाकडं. एक मोठं सामाईक स्वयंपाकघर. ज्याला घरी करायचं त्यानं घरी करावं, ज्याला पंक्तीत बसायचं त्यानं पंक्तीत. श्रीशैल हैदराबादची नोकरी सोडून यायला निघालाय. तो म्हणाला, "ताई, गोठा माझ्या घराजवळ ठेवा, मला सवय करून घ्यायची हाय." सगळे हसले. इतकं चांगलं चाललं होतं.

मग अमरनाथनं खिशातून कागद काढला.

"मावशी, एकच अट घालायची. वस्ती शुद्ध शाकाहारी राहील. कुणाची जात काढायची न्हाई, काही न्हाई. फक्त खाण्यापिण्याचं."

सगळे नकाशाकडं बघायला लागले. सुमनबाई आणि तिचे यजमान केरबा भिंतीला टेकून बसले होते, त्यांच्याकडं मात्र एकानंही बघितलं नाही. तेव्हाच मी ओळखलं की हे आज सुचलेलं नाही. हे उदगीरला, तुझ्या बैठकीत, चहा पिता पिता ठरलेलं आहे. बौद्धांचं एक घर कायकवाडीत आलं आणि तुमच्या शाकाहाराला एकदम धोका झाला.

सुमनबाई कोण हे मी तुला सांगायला नको. बावीस वर्षं माझ्या शेजारच्या वर्गावर शिकवलं तिनं. माझे हे गेले तेव्हा तेरावा होईपर्यंत माझ्या घरी झोपायला होती. तू आली होतीस आणि तिसऱ्या दिवशी गेलीस. तक्रार नाही, तुझं दुकान होतं. फक्त आठवण करून देते.

तीच पहिल्यांदा बोलली. "अमरनाथ, मी रविवारी मटण करते. माझ्या घरात, माझ्या चुलीवर. आजवर कुणाला विचारून केलं नाही."

मी म्हटलं, "अट लिहू की. पण खाली आणखी एक ओळ टाकू. वस्तीतल्या कुठल्याही पुरुषानं अहमदपूर रस्त्यावरच्या ढाब्यात जेवायला बसायचं नाही. कोण कोण सही करतंय?"

एकाचाही हात पेनाकडं गेला नाही. मी असं का म्हणाले हे अमरनाथला विचार. नको, राहू दे, विचारू नकोस.

कागदाची घडी घालून मी त्याच्या हातात परत दिली. म्हटलं, ही जमीन माझी आहे आणि ही अट माझ्या जमिनीवर उगवणार नाही.

शेवटचा फोन उचललास तेव्हा तू म्हणालीस, "तुला लेकरू ना बाळ, तुझं काय जातंय? मला उदगीरात तोंड दाखवायचंय. पोरीचं लग्न करायचंय." दुसरं मला कळतं, अक्का. तू त्या लोकांत राहतेस, मी नाही. पण पहिलं जे बोललीस ते बोलायला नको होतं.

मी कायकवाडी का करते, हे तू कधी विचारलं नाहीस. भूकंपानंतर माझी बदली किल्लारीकडच्या एका नव्या गावात झाली होती. घरं पक्की, रस्ते सरळ, रांगाच रांगा. पण शेत कुठल्या कुठं आणि घर कुठं. म्हातारी माणसं ओट्यावर बसून विचारायची, बाई, आमची जनावरं कुठं बांधायची? ज्याला जमीन जास्त त्याला घर मोठं, ज्याला नाही त्याला खोली. आणि तिथल्याच बायका मला सांगायच्या, पडलेल्या गावात पहिले काही दिवस सगळे एका पंक्तीत जेवले, कुणी कुणाला विचारलं नाही. पुढं घरं मिळाली आणि ज्याची त्याची गल्ली पुन्हा ठरली. तेव्हापासून माझ्या डोक्यात आहे, घरं अशी बांधायची की गल्ली पडणारच नाही. बसवण्णांचं नाव आपण रोज घेतो, त्यांच्या कायकाचं, कष्टाचं, नाव वस्तीला दिलंय, ते कशासाठी मग?

शरणम्मा


चाकूर, ८ सप्टेंबर २०२३

गंगाक्का,

अकरा जणांनी नावं काढून घेतली. एकानंही तोंडावर येऊन सांगितलं नाही. कुणाच्या मुलाला परदेशी जायचं ठरलं, कुणाला डॉक्टरनं मोकळी हवा सोसायची नाही म्हणून सांगितलं. मोकळी हवा न सोसणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला.

सहा घरं राहिली. सहा तर सहा.

दुसरं म्हणजे, तुझी लेक मी पळवली असं तू लक्ष्मम्माला सांगितलंस. लक्ष्मम्मा तुझ्या समोर राहते आणि मला रोज फोन करते, हे विसरत जाऊ नकोस. मंजुश्री एसटीनं आली. खांद्याला एक बॅग. दारात उभी राहून म्हणाली, "मावशी, ठेवून घे म्हणत न्हाई. कामावर घे." परभणीला शेतकी शिकलेली पोरगी, पुण्यातल्या बंगल्यांपुढं हिरवळ लावत होती. घरी आल्यावर तुम्ही तिला नकाशा जाळ म्हणालात. ती काय करणार होती? तिला मी आत घेतलं, चहा दिला आणि दुसऱ्या दिवशी माती परीक्षणाला पाठवलं.

उदगीरात काय बोललं जातंय तेही कळलं. सुमनबाईच्या लेकाशी, आदर्शशी, तिचं जुळवायचं म्हणून मी हा सगळा घाट घातला म्हणे! मी मंजुश्रीला सरळ विचारलं. हसून म्हणाली, "मावशी, त्याला हळद आणि आलं यातला फरक कळत न्हाई." म्हणजे तसं काही नाही. आणि असतं तरी मी ते पत्रात लपवून ठेवलं नसतं, ठळक अक्षरात लिहिलं असतं.

आता खरं कारण. काल अमरनाथनं वाट तोडली. फाट्यावरून माझ्या शेतात येणारी गाडीवाट तुझ्या वाट्यातून जाते, ती आपल्या बांधापाशी जेसीबीनं आडवी खणली. बैल उतरणार नाही एवढा खोल चर. सुमनबाई, केरबा आणि मी त्या काठावर उभे होतो. विटांचा ट्रक पलीकडं. ड्रायव्हर मलाच विचारायला लागला, "बाई, आता कुठं रिकामा करू?" मी म्हटलं, "हितंच कर." विटा फाट्याजवळ उतरवल्या. दिवसभर आम्ही त्या डोक्यावर वाहिल्या, चरावर फळी टाकून. केरबांनी जन्मभर एसटी चालवली. ते म्हणाले, "बाई, घाटात दरड कोसळली तरी गाडी उभी करून गप बसत न्हाईत." मंजुश्री पण वाहत होती. तुझा लेक गाडीत बसून बघत होता. बहिणीच्या डोक्यावर विटा बघून खाली उतरला नाही, एवढंच मला लागलं. बाकी चराचं काही नाही.

आज तहसीलला जाऊन अर्ज दिला. वहिवाटीचा रस्ता अडवला म्हणून. अर्जात सामनेवाल्याचं नाव लिहावं लागतं. जमीन तुझ्या नावावर आहे, म्हणून अमरनाथचं लिहिता येईना. मी माझ्या हातानं लिहिलं : सामनेवाली गंगम्मा बसलिंगप्पा, राहणार उदगीर.

कारकुनानं विचारलं, "तुमचं नातं काय?"

"सख्खी मोठी बहीण."

"मग घरात मिटवा की, बाई."

"घरात मिटलं असतं तर तुमच्यापुढं रांगेत कशाला उभी राहिले असते?"

नोटीस येईल तुला. घाबरू नकोस. पण घेऊ नकोस असंही म्हणणार नाही. घे आणि ये.

शरणम्मा


चाकूर, २४ जानेवारी २०२४

गंगाक्का,

काल स्थळपाहणी झाली, तू होतीसच. तरी लिहिते. गाडीत बसून तुला निम्मं दिसलं नसेल.

तहसीलदारबाई चराजवळ उभ्या होत्या. अमरनाथ सांगत होता, इथं वाट कधीच नव्हती, मावशीनं घरं बांधायला नवी पाडली. बाईंनी शेजारच्या मलप्पांना विचारलं. त्यांचं अख्खं आयुष्य त्या बांधावर गेलं. ते आभाळाकडं बघून म्हणाले, "मला आता वयानं आठवत न्हाई." अमरनाथ आदल्या दिवशी त्यांच्याकडं जाऊन आला होता, हे सगळ्या गावाला माहीत.

माझ्याकडं वाट दाखवणारी जुन्या मोजणीची प्रत होती. ती मी काढणार, तेवढ्यात तहसीलदारबाई तुझ्या गाडीजवळ गेल्या. "आजी, सामनेवाल्या तुम्ही ना? तुम्हीच सांगा."

तू उतरलीस. गुडघा धरून उतरलीस, ते मी बघितलं. वाटलं, पुढं होऊन हात द्यावा. दिला नाही. चराच्या काठाशी उभी राहिलीस, पदर नीट केलास आणि म्हणालीस, "वाट होती. आमच्या अप्पांच्या आधीपासून होती."

"आई!" अमरनाथ ओरडला.

"काय आई? होती म्हंजे होती. मला काय खोटं बोलायला हितवर आणलंस?"

मग माझ्या शेजारून परत जाताना हळूच म्हणालीस, "तुझ्यासाठी न्हाई बोलले."

ठीक आहे, अक्का. मी तुझे आभार मानणार नाही. खरं बोलल्याचे आभार मानायचे, तर खोटं बोलायचा तुला हक्क होता असं होईल. तू बोललीस ते तुझं होतं. माझ्यासाठी बोलली नाहीस हे मला आवडलं. पण घरी येऊन मंजुश्री तासभर न्हाणीघरात नळ सोडून बसली होती. तिला वाटलं, मला रडणं ऐकू येणार नाही. तू तिच्याकडं एकदा तरी बघायला पाहिजे होतंस. ती तुझ्यापासून चार हातांवर उभी होती.

आज चर बुजवायचा हुकूम झाला. संध्याकाळी मलप्पा आले आणि म्हणाले, "शरणम्मा, मलाबी आता आठवलं बघ." मी त्यांना चहा दिला. साखर कमी घातली.

शरणम्मा


कायकवाडी, १५ नोव्हेंबर २०२५

गंगाक्का,

पत्ता बदललाय, बघ. आता चाकूर नाही.

मधे जवळपास दोन वर्षं लिहिलं नाही. रुसवा नव्हता, हातात वेळ नव्हता. आठ घरांत माणसं राहतात, दोन बांधून रिकामी आहेत. आठांतली चार आपल्यातली, दोन बौद्धांची, एक उमाबाई म्हणून मराठा बाई आहे, नांदेडहून आली, तिला मागं कुणी नाही. आणि एक तांबोळी नवराबायको. दुरून छान दिसतं. आत रोज भांडणं. पहिल्या वर्षी हळद कुजली, मंजुश्रीनं पाण्याचा उतार चुकवला होता. तिनं सगळ्यांपुढं कबूल केलं, तरी श्रीशैल महिनाभर तिला "इंजिनेर" म्हणून चिडवत होता. शेवटी ती त्याला म्हणाली, "तू आधी म्हशीची धार काढायला शिक, ती तुला बघून दूध चोरते." यंदा हळद जोमात उभी आहे. लातूरला भाजी जाते. सामाईक जेवणाच्या पंक्तीत कुणाला तिखट लागतं, कुणाला अळणी. कोणी सोडून गेलं नाही मात्र.

मंगळवारी मी डोळे दाखवायला लातूरला गेले आणि नेमकी त्याच दिवशी तू आलीस.

तू मुद्दाम मी नसताना आलीस की योगायोग, हे मी विचारत नाही. सुमनबाईनं सांगितलं ते लिहिते, म्हणजे काही वाढवलं असेल तर तुला कळेल.

ती म्हणाली, ती अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. तू फाट्यापासून चालत आलीस, काठी टेकत. घामाघूम. तिच्यासमोर उभी राहिलीस. मी सुमनबाईला विचारलं, "पाणी दिलंस का?"

ती म्हणाली, "नाही दिलं. म्हटलं, तहान लागली असेल तर माठ तिथं आहे, फुलपात्र वर आहे. शरणा, माझ्या हातचं कोण पितं आणि कोण पीत नाही, याची परीक्षा द्यायचं माझं वय आता गेलं."

"मग ती प्याली का?"

"मी बघितलं नाही. मी शेंगा सोलत होते."

तिनं खरंच बघितलं नसेल. मी ओळखते तिला.

मग म्हणे तू विचारलंस, "माझ्या पोरीला मटण खायला शिकवलंस का?" आणि ती म्हणाली, "एकदा वाढलं होतं. तिला नाही आवडलं. माझ्या हातचं न आवडणारी ती पहिलीच." तेव्हा तू हसलीस म्हणे. यावर माझा विश्वास बसत नाही. पण सुमनबाई खोटं बोलत नाही, त्यामुळं हसली असशील.

मंजुश्री शेतातून आली. तुम्ही दोघी गोठ्यामागं किती वेळ बसलात, काय बोललात, ते तिनं मला सांगितलेलं नाही आणि मी विचारलेलं नाही. एवढंच सांगितलं की जाताना तू विचारलंस, किती घरं रिकामी हायत?

अक्का, लक्ष्मम्मा सांगते की तू दिवसदिवस माडीवर एकटी असतेस, जिना उतरवत नाही म्हणून. मला हे ऐकवत नाही. पण तुझ्यासाठी घर राखून ठेवलंय असं समजू नकोस. इथं कुणासाठी काही राखून ठेवत नाहीत. येत्या रविवारच्या पुढच्या रविवारी बैठक आहे. घर पाहिजे त्यानं सगळ्यांपुढं बसायचं आणि प्रत्येकाला विचारतो तो प्रश्न तुलाही विचारला जाईल. तो मीच विचारीन. बहीण म्हणून दुसऱ्याला विचारायला लावणार नाही. प्रश्न आत्ताच लिहून ठेवते : तुझ्या शेजारी कुणी राहावं आणि कुणी राहू नये, याबद्दल तुझं काही म्हणणं आहे का?

उत्तर पत्रानं नको. लक्ष्मम्माकडून तर नकोच. तोंडानं दे. माझा हात वर जाईल की नाही, ते मी तेव्हा ठरवीन.

शरणम्मा


कायकवाडी, २४ नोव्हेंबर २०२५

चि. अमरनाथ,

तुझ्या आईला मी फूस लावली असं तू सकाळपासून सगळ्यांना फोन करून सांगतोयस, म्हणून हे पत्र तुला. काल काय झालं ते वाच आणि मग पुन्हा फोन कर.

ती बैठकीत मधोमध खुर्चीवर बसली. खाली बसता येत नाही तिला. का यायचंय विचारल्यावर म्हणाली, "पोरगी हितं हाय. उदगीरला जिना हाय. अजून काय सांगू?" तुझ्याविरुद्ध एक शब्द बोलली नाही. तुला बरं वाटावं म्हणून सांगत नाही, खरं आहे म्हणून सांगते.

मग मी प्रश्न विचारला.

तुझ्या आईनं काठी मांडीवर आडवी घेतली. मग म्हणाली, "म्हणणं लई हाय. जन्मभराचं हाय, एका दिवसात कुठं जाईल? पण ते माझ्या उंबऱ्याच्या आत ठेवीन. बाहेर आणलं तर मला हाकलून द्या."

आम्ही हात वर करून ठरवतो. माझा हात वर गेला. बहीण म्हणून नाही, तिनं गोड उत्तर दिलं नाही म्हणून. बाकीच्यांचेही एकेक करून गेले. केरबांचा गेला. सुमनबाईचा मांडीवरच होता.

"माझा विरोध आहे, लिहून घ्या," ती म्हणाली. "आम्ही कुठं राहायचं नाही, हे यांच्या बैठकीत आम्हाला न विचारता ठरलं होतं. आता या कुठं राहतील हे ठरवायला मला एक हात मिळालाय. तो मी लाजेकाजेस्तव वर करणार नाही."

तिला कुणी समजवायला गेलं नाही. मीही नाही. तिचं चुकत नव्हतं. तिचा विरोध इतिवृत्तात तिच्या नावासकट लिहिला आणि बाकीच्या हातांवर तुझ्या आईला घर मिळालं.

रिकामी घरं दोन. एक कडेला, तुळशीच्या वाफ्याजवळ, एकदम शांत, श्रीशैलच्या बाजूला. दुसरं सुमनबाईच्या भिंतीला भिंत लागून. मंजुश्रीनं कडेच्या घराची किल्ली आईच्या हातात दिली. तुझ्या आईनं ती परत केली.

"ते न्हाई. हिच्या शेजारचं द्या."

मंजुश्री म्हणाली, "आई, अगं, त्यांनीच तर..."

"म्हणूनच. अडीच वर्षं उदगीरात सगळे माझ्या तोंडावर हो म्हणायचे आणि पाठीमागं हसायचे. हिनं न्हाई म्हणायचं ते माझ्यापुढं बसून म्हटलं. असल्या बाईच्या शेजारी मला झोप लागंल."

सुमनबाईनं तिच्याकडं बघितलं. मग माझ्याकडं. मी खांदे उडवले. घर निवडायचा हक्क ज्याचा त्याला, असा नियम तिनंच करून घेतलेला आहे.

तेव्हा तुझ्या आईचा पलंग, कपाट आणि पूजेचं सामान शनिवारपर्यंत पाठवून दे. तू स्वतः आलास तर जेवून जा. इथं राहायचं मनात आलं तर तुलाही मधोमध बसावं लागेल, आणि प्रश्न मीच विचारीन.

एक राहिलं. बैठक उठल्यावर सुमनबाई तुझ्या आईच्या खुर्चीजवळ येऊन उभी राहिली.

"भिंत सामाईक आहे," ती म्हणाली. "पहाटे भजनं मोठ्यानं लावायची नाहीत."

तुझ्या आईनं काठी घेतली, गुडघा धरला आणि उठली.

"लावणार," ती म्हणाली.

तुझी मावशी,
शरणम्मा